घड्याळजीचा चिमटा द्राक्षाच्या मळ्यात

मित्रांनो, माझ्या अंगावर नाव नाही की नक्षी नाही. मी पोलादाचा एक जुना चिमटा आहे. टोकं मात्र अशी बारीक की एकेक केस वेगळा उचलावा. अहिल्यानगरच्या बाजारात योसेफ घड्याळजींच्या टेबलावर मी तीस वर्षं घड्याळांची चाकं उचलली. मग हाताहातात मोबाईल आले आणि दुकान बंद झालं. योसेफकाकांनी मला मऊ फडक्यात गुंडाळून आपल्या मुलीच्या हाती दिलं. तिथून माझा खरा मजेचा काळ सुरू झाला!

मुलगी म्हणजे डॉ. सारा. द्राक्षाच्या नव्या जाती तयार करणाऱ्या शास्त्रज्ञ. केडगावच्या पुढे त्यांचा संशोधनाचा मळा आहे. तिथे एक काळी वेल होती, पाण्यावाचून दिवस काढणारी, पण फळ आंबट. दुसरी हिरवी, फळ साखरेसारखं, पण दोन दिवस पाणी चुकलं की मान टाकणारी. या दोघींचं एक लेकरू व्हावं, कमी पाण्यावर जगणारं आणि गोड, एवढंच सारामॅडमना हवं होतं.

द्राक्षाचं फूल तुम्ही पाहिलंय का? मोहरीच्या दाण्याएवढी हिरवी कळी. तिच्या पाकळ्या उमलत नाहीत, त्यांची एक टोपी असते आणि ती गळून पडते. टोपी गळायच्या आत ती मी काढायची, स्वतःचे पराग लागू नयेत म्हणून आतले पाचही पुंकेसर खुडायचे आणि मधल्या इवल्याशा सुरईला, म्हणजे स्त्रीकेसराला, धक्का लागू द्यायचा नाही. मग घोसावर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरईच्या तोंडावर थेंब चमकला की तिथे दुसऱ्या वेलीचे परागकण लावायचे. घड्याळापेक्षा नाजूक काम. मला ते फार आवडलं. आमचे कितीतरी संकर फसले, पण दर नोव्हेंबरात आम्ही नव्या उमेदीने उभे राहत होतो.

एका वर्षी मॅडमच्या बोटांत कंप शिरला. तो सगळ्यांच्या आधी मला कळला. माझी टोकं कळीसमोर थरथरू लागली. कळ्या तर चार दिवसांहून जास्त थांबणार नव्हत्या. मॅडमच्या निवृत्तीला पाच वर्षं उरली होती आणि बी पेरल्यापासून पहिला घोस यायला तीन-चार वर्षं लागतात. मळ्याचे प्रमुख आदिनाथसर म्हणाले, एक वर्ष जाऊ द्या. मॅडमनी मला उचललं आणि सरळ झुंबरबाईंसमोर धरलं.

झुंबरबाई पाथर्डीकडच्या. बावीस हंगाम त्यांनी ऊस तोडला होता. गुडघा निकामी झाल्यावर त्या मळ्यात खुरपणीला आल्या. त्यांच्या तळव्यांना कोयत्याचे घट्टे होते. त्यांनी मला मुठीत आवळलं तेव्हा माझा जीव घाबरला. पहिल्या दहा कळ्यांची मान मोडली. सर लांबून बघत होते. झुंबरबाईंनी मला मॅडमसमोर परत धरलं.

"ह्यो हात कोयत्याचा हाय बाई. निसती मोडतोड हुतीय."

मॅडमनी मला घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "फडात पोरांच्या पायात काटे मोडायचे ना? ते कोण काढायचं?"

"मीच की. आख्खी टोळी माझ्याकडंच यायची."

"मग काटा काढताना जसं धरता, तसं धरा."

झुंबरबाईंनी मला अंगठा आणि बोटाच्या पेरात अलगद घेतलं, श्वास रोखला आणि टोपी उचलली. एक, दोन, तीन, चार, पाच पुंकेसर. सुरई जशीच्या तशी! मित्रांनो, मला नाचता येत असतं तर मी तिथेच नाचलो असतो. चार दिवसांत आम्ही बाराशे कळ्या केल्या.

त्या घोसांच्या बिया निघाल्या, रोपं झाली, ऐंशी वेली रांगेत लागल्या. मी मात्र खणात पडून राहिलो. दोन पावसाळे कोणी मला पुसलंसुद्धा नाही. अंगावर गंज धरला आणि मी आता कामाचा नाही असं वाटून मी फार झुरलो. शेवटी झुंबरबाईंनीच मला शोधून खोबरेल तेलाने घासून काढलं. घासता घासता त्या मॅडमवर रागावून बोलत होत्या. मॅडमनी भर एप्रिलात ऐंशी वेलींचं पाणी बंद केलं होतं.

"लेकरं वाळाया लागलीत. असं कुनी करतं व्हय?" त्या म्हणाल्या आणि दोन दिवस मॅडमशी बोलल्या नाहीत. मॅडम रोज रांगेतून फिरून वाळलेल्या वेली मोजायच्या. पण कोण तगतं ते कळायला दुसरा मार्ग नव्हता. महिन्याभरात एकाहत्तर वेली गेल्या. नऊ हिरव्या राहिल्या.

चौथ्या वर्षी त्यांना घोस लागले. आठ वेलींची द्राक्षं आंबटच निघाली. उरली सत्तावन्न नंबरची, जांभळट मण्यांची. मॅडमनी एक मणी झुंबरबाईंना दिला, एक सरांना, एक स्वतः घेतला. मी मॅडमच्या खिशातून सगळं ऐकत होतो. झुंबरबाईंनी मणी सावकाश चावला.

"लई ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. सर न विचारता दुसरा मणी तोडून मोकळे झाले!

नव्या जातीच्या नोंदणीचा अर्ज आला. त्यात जात तयार करणाऱ्यांची नावं लिहायची होती. सर म्हणाले की मजुरांची नावं आभारात येतात. मॅडमनी मला टेबलावर त्यांच्यासमोर ठेवलं.

"हा घ्या, सर. एक कळी करून दाखवा. मग झुंबरबाईंचं नाव आभारात लिहू."

सरांनी मला हात लावला नाही. त्यांनी स्वतःचं पेन काढलं आणि मॅडमची बोटं थरथरतात म्हणून नावं आपल्या हाताने लिहिली. आधी डॉ. सारा, खाली झुंबरबाई. झुंबरबाईंनी दोनदा वाचून घेतलं आणि मगच सही केली.

मित्रांनो, माझ्यासारखं बारीक हत्यार वापरून झालं की पुसा आणि कोरडं ठेवा. गंजलेलं दिसलं तर टाकू नका, थोडं तेल लावून बघा. आणि शिकायला आलेल्याच्या पहिल्या दहा कळ्या मोडल्या, तर अकराव्या कळीपर्यंत जरा थांबा.

आता मला जास्त बोलायला सवड नाही. पुन्हा नोव्हेंबर आलाय, झुंबरबाईंनी माझ्या डबीचं झाकण उघडलंय, आणि वेलींवर कळ्याच कळ्या आहेत!