भुरीचा चौथा भाग

"तिसऱ्या भागातच भुरी संपली होती," सुयश तावातावाने सांगत होता. "आता जे काढतायत ते भुरीच्या नावावर खपवायचं काहीतरी. मी तर जाणार नाही बघायला."

"न बघताच ठरवलंस?" प्रांजलीने विचारलं.

"बघायला कशाला पाहिजे? सुगरणवाल्यांनी नवीन गोष्ट काढून किती वर्षं झाली ते सांग. दुसरा भाग, तिसरा भाग, आता पुढचा. आधी सिनेमे काढायचे, आता नुसता कारखाना झालाय."

सिद्धार्थ उद्यानातल्या लिंबाखाली पाच-सहा पोरंपोरी गोल करून बसली होती. 'सुगरण' नावाच्या कंपनीचे ॲनिमेशनचे सिनेमे बघायचे आणि रविवारी इथे जमून त्यावर बोलायचं, एवढंच त्यांचं मंडळ. सुयश एका शाळेत चित्रकला शिकवायचा, प्रांजली रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती, मुजीबचं शहागंजात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं.

बद्रीनाथ मघापासून थोड्या अंतरावर उभा होता. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. एरवी त्या हातांत नळाचे वॉल्व फिरवायची लांब लोखंडी चावी असायची. आज सुट्टी होती आणि हात मोकळे होते. शेवटी तो दोन पावलं पुढे आला.

"आशाबाई इथंच येत व्हत्या का?"

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"काकू? हां हां, इधरीच आते थे," मुजीब म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही काका ना? पाणीवाले?"

प्रांजलीने लगेच सरकून जागा केली. "बसा ना काका. काकू आल्या का नाशिकहून? फोन लागतच नाही त्यांचा. लेकीकडे जाते म्हणाल्या होत्या, आम्हाला वाटलं नातीत रमल्या."

आपल्याला बघून ही पोरं इतकी खूश होतील असं बद्रीनाथला वाटलं नव्हतं. येताना रस्त्याने त्याने शब्द जुळवले होते, ते त्यामुळेच अडकले.

"ती नाय आता," तो म्हणाला. "संक्रांतीच्या पुढं नाशकाहून आली तवाच ताप आला. छातीत उतरला. आठवड्याच्या आत गेली."

मुजीबने डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. सुयश गवत उपटत राहिला.

"तुम्हाला कळवाया पाहिजे व्हतं," बद्रीनाथ म्हणाला. "मला काय सुधरलंच नाय. तिचा फोन बंद करून कपाटात ठेवला. काल आमच्या पोरीनं, प्रेरणानं, इचारलं, बाबा, आईच्या बागेतल्या पोरांना सांगितलं का म्हणून. मंग आलो."

निरोप देऊन झाला होता. आता निघावं, असं त्याने ठरवलं होतं. पण प्रांजलीने हाताला धरून त्याला खाली बसवलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. डोळे पुसत ती त्याच्या शेजारीच बसून राहिली.

बद्रीनाथची सगळी नोकरी या शहराच्या पाण्यात गेली होती. महापालिकेत तो लाइनमन. कुठल्या गल्लीचा वॉल्व कधी सोडायचा, कधी बंद करायचा, हे त्याच्याकडे. ज्या गावात पाणी दिवस-दिवस वाट बघायला लावतं, तिथे अशा माणसाला वेळ-काळ नसतो. जेवताना उठायचं, सणाच्या दिवशी फुटलेल्या पाइपात उतरायचं, आणि वर लोकांचं ऐकून घ्यायचं. पाणी आलं की बद्रीनाथ कुणाला आठवत नसे, नाही आलं की सगळ्यांना आठवे. आशाबाई सिल्लोडकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आली ती या घाईतच. ताट झाकून ठेवायची आणि वाट बघायची. कधी कुरकुरली नाही. प्रेरणा सासरी गेल्यावर तर ती घरात एकटीच असायची.

मग एका उन्हाळ्यात नात आली आणि भुरीच्या सिनेमाला जायचं म्हणून हटून बसली. आजीच घेऊन गेली. भुरी म्हणजे गाढवाचं करड्या रंगाचं शिंगरू, कळपातून चुकलेलं. नात नाशिकला परत गेली, आणि आशाबाई दुसऱ्यांदा तोच सिनेमा बघायला एकटी गेली. शेजारच्या खुर्चीवर एक कॉलेजातली मुलगी मुसमुसत होती. आशाबाईने तिला आपला पदर पुढे केला. ती प्रांजली. तेव्हापासून आशाबाई दर रविवारी "पोरांत जाते" म्हणायची आणि निघायची. बद्रीनाथ "जा" म्हणायचा. तिथे काय चालतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

ते आता विचारलं. "ती इथं येऊन काय करायची?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"भांडायच्या," सुयश म्हणाला.

"आशा?"

"माझ्याशी तर दर रविवारी. मी म्हणायचो, पहिला भाग पूर्ण होता, भुरीला सांभाळणारी माणसं भेटली, संपली गोष्ट. पुढे ताणायचं कशाला? तर काकू म्हणायच्या, लेक नांदायला गेली की तिची गोष्ट संपती का रे? आपण जातोच ना तिच्या दारात, बरी हाय का बघायला?"

आशाबाईचं बोलणं सुयशच्या तोंडून ऐकताना बद्रीनाथ नकळत पुढे सरकला. घरात तिचा आवाज कधी चढला नव्हता. इथे तिने मास्तरला गप्प केलं होतं.

"गप्प नाही झालो मी," त्याच्या मनातलं ओळखल्यासारखं सुयश म्हणाला. "मी म्हणालो, काकू, लेक एक आहे. ही कंपनी दर दोन वर्षांनी तीच लेक नव्या साडीत उभी करते. तिसऱ्या भागात नुसती गाणी. खेळणी विकायला काढलेला सिनेमा तो."

"ते काकूंनी मान्य केलं होतं," प्रांजली म्हणाली. "तिसरा त्यांनाही नव्हता आवडला. पण सुगरणवाल्यांनीच मिठागरातल्या म्हाताऱ्याचा सिनेमा काढला तेव्हा काय झालं? एवढा सुंदर, एकदम नवीन. हॉलमध्ये आपणच होतो, बाकी खुर्च्या रिकाम्या. काकू म्हणाल्या, तुम्ही नवं मागता आन् बघाया कुणी येत न्हाई. त्यांनी चूल कशावर पेटवायची?"

"सही बोले थे," मुजीब म्हणाला. "मैं भी वो पिच्चर को दोस्तां को लेके नहीं गया था. मेरेकोच शरम आई."

बद्रीनाथ ऐकत होता. कुठल्या सिनेमात काय, हे त्याला कळत नव्हतं. पण या बोलण्यात आशाबाई होती. ही आशाबाई त्याला ठाऊकच नव्हती, आणि या पोरांनी ती जपून ठेवली होती.

"आणि चौथ्या भागाची तर किती वाट बघत होत्या," प्रांजली म्हणाली. "भुरी शेवटी घरी, आपल्या कळपात, जाते की नाही, ते त्यात आहे ना. आल्या की पहिलं तेच विचारायच्या."

"काय इचारायची?"

"चौथा कधी येतोय?"

बद्रीनाथने हातातली बाटली खाली ठेवली.

दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी आशाबाईने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला होता आणि हेच विचारलं होतं. चौथा कधी येतोय? त्या दिवसांत त्यांच्या भागाला चौथ्या दिवशी पाणी येत होतं. बद्रीनाथला वाटलं, घरातले ड्रम भरायची तिला काळजी लागलीय. "उद्याच," तो म्हणाला होता. "उद्या सकाळी. तू कायबी काळजी करू नको." तिने त्याचा हात दाबला होता. हसली होती. पहाटे ती गेली.

तेव्हापासून ती गोष्ट त्याला कुरतडत होती. मरतानाही बाईच्या डोक्यात पाणीच होतं. आपल्याशी संसार केला आणि शेवटच्या श्वासाला ड्रम भरायची चिंता घेऊन गेली, यापलीकडे आपण तिला काय दिलं, असं त्याला वाटायचं. वॉल्व फिरवताना, जेवताना, कधीही वाटायचं. प्रेरणालाही त्याने हे सांगितलं नव्हतं.

या अनोळखी पोरांना त्याने ते सगळं सांगितलं. थांबत थांबत, जमिनीकडे बघत.

तो बोलायचा थांबला तेव्हा प्रांजली रडत होती आणि हसतही होती. "म्हणजे त्यांना वाटलं, उद्या सिनेमा येतोय."

"व्हय," बद्रीनाथ म्हणाला. "तसंच वाटलं आसंल."

"मतलब काकू खुशीच गये," मुजीब हळूच म्हणाला.

बद्रीनाथने मान हलवली. किती तरी दिवसांनी छातीवरचं ओझं हललं होतं. पोरांना काहीतरी म्हणावं असं त्याला फार वाटत होतं, पण आभार मानायची त्याला सवय नव्हती. "तुमी लई केलं तिचं," एवढंच तो म्हणाला.

सुयशने चष्मा काढून शर्टाला पुसला. "काका, मी येतो चौथ्या भागाला. पण मला तो आवडणार नाही, हे आत्ताच सांगतो."

"नको आवडू दे," बद्रीनाथ म्हणाला. "ती तरी कुठं ऐकत व्हती तुझं."

सिनेमा लागला त्या रविवारी मुजीब त्याला गाडीवर घ्यायला आला. बद्रीनाथने दुपारची पाळी दुसऱ्याला दिली होती. असं त्याने नोकरीत क्वचितच केलं असेल. हॉल लहान मुलांनी भरला होता. पडद्यावरची भुरी आता थकली होती, तिच्या पाठीवर ओझ्याचे वण होते. ती जुन्या ओढ्याशी पोचते, पण कळपातली नवी शिंगरं तिला ओळखत नाहीत, लाथा झाडतात. मग ती ओरडते, आणि कळपातलं एक म्हातारं गाढव मान वर करतं. हॉलमधली पोरं खिदळली. बद्रीनाथने खिशातून रुमाल काढला. मधल्या गाण्यांना मात्र त्याला कंटाळा आला.

बाहेर पडल्या पडल्या भांडण सुरू झालं.

"ओढ्याचा प्रसंग चांगला आहे, मान्य," सुयश म्हणाला. "पण तेवढ्यासाठी दोन तास?"

"तेवढ्यासाठीच दोन तास," प्रांजली म्हणाली.

रखवालदार त्यांना दारातून हलायला सांगू लागला, तसा बद्रीनाथ म्हणाला, "घरी चला. हितं उभ्यानं किती बोलाल."

हडको वसाहतीतल्या त्याच्या दोन खोल्यांत ती सगळी मावली. चपला दाराबाहेर पसरल्या. बद्रीनाथने कपाटातून सतरंजी काढली, चहाचं आधण ठेवलं. कोण पलंगावर बसलं, कोण खाली. मुजीब म्हणत होता की भुरीला इथेच थांबवा, पुढचा भाग नक्को. प्रांजली त्याला फितूर म्हणत होती.

"काका, तुम्ही सांगा," सुयशने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं. "खरं सांगा."

बद्रीनाथने क्षणभर विचार केला. "घरी पोचली ते बरं झालं. पण मधली गाणी नसती तरी चाललं असतं."

"बघा. काका माझ्या बाजूने."

"निम्मा," बद्रीनाथ म्हणाला. "निम्माच हाय तुझ्या बाजूनं."

यावर बाहेरच्या खोलीत एकच कालवा उठला. तेवढ्यात शेजारच्या मालनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बाहेरच्या चपला बघून त्या घाबरल्या होत्या.

"बद्रीभाऊ, कोण भांडायलंय हो तुमच्यात?"

"भांडण नाय वहिनी," बद्रीनाथ म्हणाला. "आशाची माणसं आलीत. या, चहा घ्या."

मालनबाईंनी आत पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सतरंजीच्या कडेला टेकल्या. काय चाललंय ते त्यांना समजेना, पण प्रांजली त्यांना भुरीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागली. सुयश मध्येच तिला अडवून दुरुस्त्या करत होता.

बद्रीनाथ ओट्याशी परतला. चहा उकळीला आला होता. त्याने पातेल्यात आणखी पाणी ओतलं, आणि चहा लवकर होऊ नये म्हणून गॅस बारीक केला.