नवं स्वयंपाकघर

एनेइदा पोलांकोनं दार वीतभर उघडलं आणि फटीत पाऊल रोवलं. बाहेर इमारतीचा केअरटेकर गेझिम उभा होता. त्याच्यामागे दोन माणसं प्लास्टिकात गुंडाळलेलं पांढरंशुभ्र कपाट पेलत हाशहुश करत होती. लिफ्ट मार्चपासून बंद होती, त्यामुळे पाच मजले त्यांच्या तोंडावर दिसत होते.

"मालकांकडून भेट, मावशी. कपाटं, शेगडी, ओटा, सगळं नवं. अगदी फुकट."

"दहा वर्षं शेगडीसाठी ओरडतेय. आज बरी आठवण झाली?"

"उशिरा का होईना, झाली ना?"

"उद्या सरकारी तपासनीस यायचाय, त्याचीही झाली असेल."

गेझिमनं कपाटाकडे पाहिलं. 

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधलं हे घर भाडेनियंत्रणातून सुटलं ते एका स्वयंपाकघराच्या जोरावर; दुरुस्तीवर मोठा खर्च दाखवला, की मालकाला भाडं हवं तेवढं वाढवता यायचं. एनेइदा राहायला येण्याआधी मालकानं इथं इटालियन दगडाचा ओटा आणि ओकची कपाटं बसवली होती, असं कागद म्हणत होते. बिलं होती, शिक्के होते, सह्या होत्या. स्वयंपाकघर तेवढं राहून गेलं होतं. आता मालक तिचा भाडेकरार वाढवत नव्हता. महिनाअखेर घर सोडायचं. तिनं तक्रार केली होती; तपासणीत लबाडी सिद्ध झाली, तर मात्र घर पुन्हा नियंत्रणात येणार होतं आणि तिला कुणी हलवू शकणार नव्हतं.

"समोरच्या अबेनानं परवाच बसवून घेतलं. किती खूश झाली!"

"आणि काल तपासनीस येऊन 'सुंदर आहे' म्हणून गेला. आता त्या सुंदर स्वयंपाकघरातली भांडी खोक्यात भरतेय ती."

गेझिमचा आवाज उतरला. "माझीही नोकरी आहे, मावशी. तळघरातली खोली त्यांचीच."

"म्हणून तर शिव्या देत नाहीये तुला."

त्यानं मान खाजवली. मग मागे वळून म्हणाला, "चला रे, खाली घ्या. मावशी घरी नाहीत."

तिच्या वकीलबाईंनी बजावलं होतं, काही पुसू-घासू नका, हाच पुरावा. जन्मभर लोकांची घरं घासून लखलखीत करणारी एनेइदा तीन आठवडे आपल्या भिंतीवरचं तेलकट पिवळं बघत जेवली होती. जेवली म्हणजे, नुसतं गिळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस इस्त्रीच्या शर्टात आला. एनेइदा माफी मागणार होती, पण कशाची ते आठवेना. त्यानं हातातला कागद वाचला, ओट्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला.

"इटालियन दगड तो हाच?"

"हाच असेल. दुसरा ओटा नाही."

त्यानं सिंकखालचं दार ओढलं. ते त्याच्या हातातच आलं. आतून एक झुरळ निघालं, मिशा हलवत ओट्यावर चढलं आणि मधोमध थांबलं. एनेइदाचा हात सवयीनं चपलेकडे गेला.

तपासनिसानं कॅमेरा काढला.

तिनं चप्पल हळूच खाली ठेवली.

"सावकाश घ्या," ती म्हणाली. "ते कुठं जात नाही."