तारेखालचे पाच दगड

भाज्या-कडधान्यांच्या भज्जीच्या पातेल्यावरचं फडकं सोडता सोडता गुरम्मा थांबली. वेळा अमावास्येच्या पूजेसाठी शेतात बांधलेल्या कडब्याच्या कोपीतून समोरची लाँच सरळ दिसायची, आणि लाँचवरचा दिवाही. भर दुपारीसुद्धा तो लावलेला असे. दिवा आहे म्हणजे किनाऱ्यावरच्या शेडातून वीज पोचते आहे, आणि वीज पोचते आहे म्हणजे लाँचच्या पोटातला पंप पाणी उपसतो आहे. आत्ताही दिवा लागलेला होता. पण निखाऱ्यावर राख चढावी तसा तांबूस, मलूल.

"पोरगं रडतंय, आन तू नवऱ्याचा दिवा बघत बसलीयास की," तिची सासू सुंदरम्मा म्हणाली. "दिवा काय पळून जातोय?"

"अत्ती, त्याचा रंग बदललाय."

"येळवस हाय आज. त्यालाबी भूक लागली असंल."

गुरम्माने बाळाला उचलून कडेवर घेतलं. ते लगेच गप्प झालं आणि तिच्या मंगळसूत्राशी खेळू लागलं.

लाँच लाकडी, लांबोळकी आणि जुनी. दुष्काळ सरल्यावर हिप्परग्याच्या तलावातला गाळ मोजायला ती आणली होती. पावसाळ्यात मोजणीचे साहेब तिच्यातच राहत आणि दिवाळी झाली की कुलूप लावून पुण्याला जात. फळ्यांमधून पाणी झिरपायचं ते झिरपायचंच. गेल्या वर्षी आधीच्या वॉचमनच्या हातून ती बुडाली, आणि तो आता शहरात हमाली करत होता. यंदा पाडव्यापर्यंत लाँच तरंगत राहिली, तर गुरम्माच्या नवऱ्याला, महादेवप्पाला, वॉचमन म्हणून कायम करायचं साहेबांनी कबूल केलं होतं. म्हणून आज भावाच्या शेतावर कुंभारीला जाताना त्याने बायकोला बजावलं होतं, "दिव्यावर नजर ठेव. शेडातल्या बटनाला हात लावू नकोस. पंप थांबला की लाँच बसली खाली, आन तिच्यासंगं मीबी."

गुरम्मा बाळाला घेऊन तारेच्या कडेकडेने निघाली. थंडीत पाणी जसजसं मागे हटलं तसतशी लाँच आत ओढावी लागली होती, आणि उघड्या पडलेल्या गाळात त्यांनी ज्वारी पेरली होती. तार अपुरी पडली तेव्हा महादेवप्पाने तिला दुसरा तुकडा जोडला, जोडावर काळी पट्टी गुंडाळली. जोड ओल्याला लागू नये म्हणून बांधावरून डोक्यावर पाच दगड वाहून आणून तार त्यांवर टेकवली, आणि कुणी अडखळू नये म्हणून त्यांना चुना फासला.

दगड नव्हते.

तार सैल पडून काठाच्या उथळ पाण्यात गेली होती. जोडापाशी बारीक बुडबुडे येत होते आणि शेजारी बोटभर लांबीची एक मासळी पांढरं पोट वर करून तरंगत होती.

गुरम्माने मागे वळून पाहिलं. कोपीच्या सावलीत सासूने सकाळीच पूजेचे पांडव मांडले होते. पाच दगड, एकसारखे, चुन्याने पांढरे, वर हळदीकुंकवाची बोटं. साऱ्या गाळात दुसरा खडासुद्धा सापडला नसता.

आणि सासू कोपीत नव्हती.

ती पलीकडच्या अंगाने, अंबिलीने भरलेली बिंदगी कमरेवर घेऊन पाण्याकडे निघाली होती. सकाळपासून तिचं तेच चाललं होतं, पिकाला अंबिल शिंपायची तर ज्या पाण्यानं हटून जागा दिली त्यालाही घोटभर द्यायला नको का?

"अत्ती! थांबा!"

वारा उलटा होता. सुंदरम्माने हात वर केला, आलेच म्हणाल्यासारखा, आणि चालत राहिली.

"नीराग इळीब्याड्री!" गुरम्मा ओरडली. पाण्यात उतरू नका, एवढंच; पण माहेरच्या कानडीत, कारण मराठी शब्द आठवेपर्यंत वेळ नव्हता. सुंदरम्मा क्षणभर थांबली, पण शब्द तिच्यापर्यंत पोचले नाहीत. मग तिने लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं.

सासू लांब होती, शेड जवळ. गुरम्माने सासूकडे पाठ फिरवली आणि पळत सुटली. गाळात पाय रुतत होते. कडेवर उड्या बसत होत्या तसं बाळ खदाखदा हसत होतं.

शेडात नवरा उभा राहायचा त्याच गोणपाटावर ती उभी राहिली. बाळाला डाव्या अंगाला शक्य तितकं लांब धरलं आणि उजव्या हाताने लोखंडी पेटीची मूठ खाली ओढली.

लाँचवरची घरघर थांबली. बाहेर पाहायला ती गेली नाही. ती बाळाच्या टाळूला नाक लावून तशीच उभी राहिली.

मग पाण्यावरून सासूची हाळी आली, खणखणीत, लांबवलेली.

सासू सुखरूप होती; गुरम्मा बाळाला घेऊन तारेच्या जोडाकडे निघाली.

सुंदरम्मा परत आली तेव्हा सुनेने तिला मासळी दाखवली आणि मग कोपीतले दगड. सुंदरम्मा मासळीकडे बघत राहिली, मग स्वतःच्या ओल्या पायांकडे.

"मांडलेले देव आज उचलायचे न्हाईत," ती हळू म्हणाली. लाँचकडे बघून तिने पदर खोचला. "पंप बंद, तर पाणी आता आपुनच उपसायचं. घमेलं हाय का शेडात?"

फळीवरून दोघी लाँचवर चढल्या. तळात पाणी घोट्याच्या वर आलं होतं. कठड्याला लुगड्याची झोळी बांधून बाळाला निजवलं. एक भरायची, दुसरी बाहेर फेकायची. कंबर धरली की जागा बदलायच्या.

"माझ्या सासूनं मला हीर उपसायला लावली व्हती," सुंदरम्मा धापा टाकत म्हणाली. "तू तर तळंच उपसायला लावलंस की गं."

गुरम्माला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. सासूने पाहिलं नाही, किंवा न पाहिल्यासारखं केलं.

सूर्य टेकला तेव्हा बांधावरून महादेवप्पा धावत आला. फळीवरून उडी मारून त्याने आधी तळाला हात लावून पाहिला. मग मान वर केली.

"दिवा का न्हाय? कुणी बंद केलं?"

"मी," गुरम्मा म्हणाली.

"तुला सांगितलं व्हतं ना..."

"तार पाण्यात पडली. म्हशीनं दगड ढकलले."

सुंदरम्मा लुगड्याचा ओला घोळ पिळत होती. "म्हैस म्हंजे मीच की रे. पांडव मांडायला नेले. आन वर पाण्यात उतरले. ही पळाली म्हणून, न्हाईतर पांडवांच्या रांगेत मलाबी मांडावं लागलं असतं तुला."

महादेवप्पा हसला नाही. तो तारेकडे बघत होता.

"तार पाण्यात पडली तर फ्यूज जातोय," तो स्वतःशीच म्हणाला. "आपोआप जातोय. त्यासाठीच असतोय त्यो."

"मग गेला का न्हाई?" सुंदरम्माने विचारलं.

तो उतरला आणि शेडाकडे चालू लागला. गुरम्माने बाळाला खांद्यावर घेतलं, कंदील लावला आणि त्याच्या मागोमाग गेली.

त्याने पेटी उघडून फ्यूज बाहेर ओढला. केसाएवढी तार असायची तिथे तांब्याचा जाड पीळ होता, सुतळीसारखा, नवा आणि चकचकीत.

"मी दिवसभर हितं नसणार," तो खाली बघत म्हणाला. "माझ्या मागं फ्यूज उडून पंप थांबू नये म्हणून सकाळी मीच..."

पीळ त्याने मुठीत मिटला.

"काय सापडलं रे?" लाँचवरून सुंदरम्माचा आवाज आला.

महादेवप्पाने बायकोकडे पाहिलं. मघाशी सासूसाठी म्हशीचं नाव घेणाऱ्या गुरम्माने आता नवऱ्यासाठी कुठलीच म्हैस शोधली नाही. तिने कंदील जरा वर धरला.

त्याने मूठ उघडली.

"अव्वा," त्याने आईला हाक मारली, "जरा हितं ये."