मला जवळचं दिसत नाही

मी एक लेन्स. कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवतात ती. नंतर गैरसमज नको म्हणून आधीच सांगून टाकते: मला जवळचं दिसत नाही. हातभर अंतराच्या आत कोणी आलं की माझ्यापुरतं ते धुकं. चष्मा लावून सुटणारी ही अडचण नाही, माझी घडणच तशी आहे. डोंगर दुरून साजरे दिसतात म्हणे. मला माणसं दुरून साजरी दिसतात. डोळ्यांतली चमक मी नेमकी धरते आणि मागची भिंत, वाळत घातलेले कपडे, जमिनीवरची खेळणी असं सगळं लोण्यासारखं विरघळवून टाकते. पसारा लपवते म्हणून तरी आयांना मी आवडायला हवी!

माझा जन्म कारखान्यातला. काचा इतक्या घासल्या, इतक्या घासल्या, की आता आपण उरतो की नाही अशी मला धास्ती पडली. शेवटी हातमोजे घातलेल्या एका बाईने मला उजेडासमोर धरलं, एक डोळा मिटून आरपार पाहिलं आणि मान हलवली. ती मान ‘छान’ म्हणाली की ‘चालेल’, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पेटीत घातलं, त्या अर्थी पास झाले असावे.

पहिली मालकीण फोटो स्टुडिओवाली होती. “हनुवटी जरा खाली. हं, आता श्वास सोडा,” असं ती प्रत्येकाला सांगायची. श्वास सोडताना माणसाचा चेहरा खरा होतो, हे मी तिच्याकडे शिकले. पण पुढे जो तो आपला फोटो आपणच काढू लागला. स्टुडिओला कुलूप लागलं आणि मी एका दुकानातल्या काचेच्या कपाटात येऊन पडले. गळ्यात चिठ्ठी, ‘वापरलेली’. मला थोडा रागच आला. वापरलेली म्हणजे काय, अनुभवी म्हणा की!

तिथेच एका सकाळी एक बाई आली. सोबत तिचे सासरे. बाईचा अभ्यास दांडगा होता. लेन्सबद्दल मिळेल ते सगळं तिने वाचून काढलं होतं, आणि नेमकं त्यामुळेच तिला काहीएक ठरवता येत नव्हतं.

“नातींचे फोटो काढायचेत यांना,” ती दुकानदाराला म्हणाली. “म्हणजे चेहऱ्यांचे. ही लेन्स बरी ना? की ती? मी वाचलं की तिच्याने नाक मोठं येतं. पण मी चुकीचंही वाचलं असेल.”

“बरोबर वाचलंत,” दुकानदार म्हणाला. “ही रुंद दाखवणारी. हिला फार जवळ जावं लागतं, मग नाक पुढे येतं. ही मधली. हिच्यासाठीही पोरांच्या पुढ्यातच बसावं लागेल. आणि ही वापरलेली,” म्हणजे मी, “हिला लांबूनच काम. आता मला एवढंच सांगा, पोरं फोटो काढणाऱ्यापासून किती लांब बसतात?”

साधा प्रश्न. पण सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे आपल्या बुटांकडे बघू लागले.

“लांब,” ती शेवटी म्हणाली. “म्हणजे थोरली कुठेही बसते हो. धाकटी जरा लांब.”

“जरा कुठली? मी एका खोलीत, ती दुसऱ्या!” सासरे म्हणाले. त्यांना ते हळू म्हणायचं होतं. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

आवाजाचं हे असं होतं. आजोबांनी उभा जन्म कापडाच्या गिरणीत काढलेला. मागांच्या खडखडाटात बोलून बोलून घसा तसाच घडलेला. ते “ये बाळा” म्हणाले तरी पाव्हण्याला हाकलल्यासारखं वाटे. आजी गेल्यावर मुलाने आणि सुनेने त्यांना कायमचं आपल्याकडे बोलावलं होतं. थोरली नात लगेच गळ्यात पडली. पण तीन वर्षांची धाकटी, त्यांनी तोंड उघडलं रे उघडलं की आईच्या कमरेला घोरपडीसारखी चिकटायची आणि भोकाड पसरायची.

मुलगा म्हणायचा, “होईल सवय.” पण आजोबांनी मनाशी ठरवलंच होतं. “मी आपला माझ्या घरी बरा. उगाच पोरीला धसका कशाला? जाताना दोघींचे चांगले फोटो नेईन, म्हणजे झालं.”

आता कळलं ना, मला कशासाठी घेतलं? निरोपाच्या सामानात.

घरी आल्यावर मला घरच्या कॅमेऱ्यावर बसवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं होतं, म्हणून सुनेचं पुटपुटणं मी ऐकलं. भांडी विसळता विसळता ती एका वाक्याची तालीम करत होती. “बाबा, तुमचा आवाज... छे. बाबा, राग मानू नका, पण... छे छे.” मग स्वतःवरच उखडली. “मीच तिला घाबरट करून ठेवलीय. साधा चमचा पडला तर मीच दचकते, पोर काय शिकणार? यांना वाटत असेल, सुनेनेच फितवली.”

शेवटी ती बाहेर गेली आणि तालमीतलं सगळं विसरून एका दमात बोलली, “बाबा, फोटो काढताना तुम्ही अजिबात बोलू नका.”

आजोबांनी मान हलवली. ती मानही मला वाचता आली नाही. पण कॅमेरा उचलताना त्यांची बोटं माझ्याभोवती जरा घट्ट झाली.

खोलीच्या एका टोकाला आजोबा खुर्चीत, दुसऱ्या टोकाला खिडकीखाली दोघी बहिणी ठोकळ्यांचा मनोरा रचत बसलेल्या. अंतर माझ्या मनासारखं. थोरलीने लगेच हसून मान तिरकी केली, तिला पोझ देण्याचं अंगच होतं. धाकटी मात्र पाठमोरी. बोलवायची तर सोय नाही. आजोबांनी कॅमेरा मांडीवर टेकवला आणि नुसते ओठ हलवले. मोठे मोठे, सावकाश, बिनआवाजाचे.

थोरली म्हणाली, “आजोबा, हे काय करताय?”

त्यांनी उत्तर दिलं, तेही ओठांनीच. मग हाताची वाटी करून तोंडाला लावली: चहा. दोन्ही हातांनी पुढे भलंमोठं पोट काढलं आणि डोळे गरगरा फिरवले: साहेब येतोय! गिरणीत मागांच्या आवाजात कानांचा उपयोग नसे. तिथली माणसं अशीच बोलायची, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओठांनी आणि हातांनी. गळा फाडायचा तो फक्त शेजारच्यासाठी. घरी येताना आजोबा गळा घेऊन आले आणि हात तिकडेच विसरले, असं काहीसं झालं होतं.

थोरली खदखदून हसली तशी धाकटी वळली. साहेबाचं पोट तिने पाहिलं. आजोबांनी ते पुन्हा काढलं, या वेळी आणखी मोठं. धाकटीने हळूच आपला फ्रॉक पुढे ओढून पोट केलं.

दारात सून उभी, हात ओले, श्वास रोखलेला. आपण श्वास सोडला तर पोर आपल्याकडे पळत येईल, असं तिला वाटत असणार.

आजोबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. धाकटीचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण मला स्वच्छ दिसलं: ‘पुन्हा.’ आजोबांनी एका हाताने पोट काढलं. ती उठली. एक पाऊल आली. आजोबा माझं फोकसचं कडं फिरवत तिला पकडत होते, ती पुढे येत होती, ते पुन्हा फिरवत होते. आणखी एक पाऊल, आणखी एक... आणि कडं संपलं. पोर धूसर झाली. मग नुसता रंग झाली. आजोबांनी बटण दाबलं ते कशावर, देव जाणे. पाठोपाठ माझ्या काचेवर एक बोट टेकलं. केळं खाल्लेलं बोट! स्टुडिओत असं कोणी केलं असतं तर मालकिणीने त्याला बाहेर काढलं असतं.

“तुमचा आवाज कुठे गेला?” धाकटीने विचारलं.

आजोबांनी सुनेकडे पाहिलं. सुनेचा चेहरा पडला. तिने घाईघाईने मान हलवली: बोला, बोला ना!

“इथेच आहे,” आजोबा म्हणाले. “जरा मोठा आहे, एवढंच.”

पोर दचकली. पण पळाली नाही. तिने आपला तळवा त्यांच्या मिशांवर दाबून धरला. मग उचलला. “आता बोला.” ते बोलले. तळवा पुन्हा दाबला. नळ सापडला होता तिला. हवा तेव्हा सुरू, हवा तेव्हा बंद.

फोटोत काय आलं? एक गुलाबी ढग, त्यात केळ्याचा ठसा. आजोबांनी तो कितीतरी वेळ पाहिला.

काही दिवसांनी सुनेने भीत भीत विचारलं, “बाबा, परत जायचं म्हणत होता... तिकीट?”

“जातो कशाला? फोटो कुठे मिळालेत अजून! मिळाले की जाईन.”

तेव्हापासून हेच चाललंय. धाकटी मांडीवरून उतरत नाही, आणि मांडीवरचं मला काय दिसणार? आजोबा रोज कॅमेरा घेतात, रोज गुलाबी ढग काढतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, “नाही जमला बुवा आजही!” बाकी वेळ मी कपाटात असते. दमट हवेने बुरशी धरेल म्हणून सून मला न विसरता उघडून पुसते. काळजी करणारी माणसं लेन्सला फार चांगली.

एकदा मात्र पुसता पुसता तिने मला कॅमेऱ्यासकट उचलून डोळ्याला लावलं. समोरच्या खोलीत आजोबा, त्यांच्या मांडीवर धाकटी, तळवा मिशांवर, दोघांची पोटं पुढे काढलेली. अंतर अगदी माझ्या मनासारखं. तिने श्वास सोडला आणि बटण दाबलं. इतका नितळ फोटो माझ्या हातून स्टुडिओतही निघाला नव्हता.

तिने तो पाहिला, हसली, आणि मग तिचा चेहरा एकदम काळजीने भरला. कॅमेरा बंद करून तिने मला कपाटात अगदी आत सरकवलं. तो फोटो तिने अजून कोणालाच दाखवलेला नाही. थोरलीलाही नाही, नवऱ्यालाही नाही.

तुम्हाला सांगून बसले खरी. पण कधी त्या घरी गेलात, तर आजोबांसमोर फोटोचा विषय काढू नका, एवढं ऐका माझं.