दीडशे जणांना पुरून उरलेला

लढाईतून छगनला मिळण्यासारखं बरंच होतं: अंगावर खाकी कोट, चावडीच्या ओट्यावर पाटलाशेजारची जागा आणि वचकून राहणारी बायको. सेहेचाळीस साली तो पारनेरजवळच्या आपल्या गावी परतला, तेव्हा कोट आणलेलाच होता. जागा एका वाक्यात मिळाली.

पाटलानं विचारलं, "छगनराव, दिसाला किती मानसं वाट्याला यायची?"

"दीडशे. रोज दीडशे जनांना पुरून उरायचो."

यात खोटं काही नव्हतं. छगन पलटणीत स्वयंपाकी होता; दीडशे शिपाई जेवून उठले तरी पातेल्यात कालवण उरायचंच. ओटा "वा!" म्हणाला आणि हा गप्प राहिला, इतकंच.

घरी मात्र गप्प राहणं जमेना. त्याच संध्याकाळी त्याची बायको गोजरबाई भाकरी थापायला बसली आणि छगनचे हात शिवशिवले.

"सर बाजूला. कडा फाटत्यात."

भाकरी टम्म फुगली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा गोजरनं तव्यावरची गरम भाकरी बसून खाल्ली. मग डोळे बारीक करून म्हणाली, "असं पुरून उरत हुता व्हय?"

"चावडीवर कळू देऊ नगं. पाया पडतो तुझ्या."

"न्हाई सांगत. पर सांजच्याला रोज तुमीच थापायची. दार मी लावते."

वचक असा घरात आला, फक्त बाजू बदलून.

रोज दिवेलागणीला दार बंद. आतून भारी हाताचं धप्, धप्, आणि गोजरचं "अवो, जरा हळू!" पीठ तिच्या लुगड्यावर उडायचं, हे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला, कानिफनाथला, कसं दिसावं?

"ऐकलंस?" तो आपल्या बायकोला, रतनबाईला, म्हणाला. "शिपाईगडी हाय त्यो. म्हनून बायको रोज हसतमुख." दोन दिवसांनी त्यानंही दार लावलं.

सकाळी आडावर रतनबाईचा गाल सुजलेला. "तुझ्या मालकाचं ऐकून शिकला माझा मुडदा. तू कसं गं सोसतीस?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यात नवऱ्याचा ओटा गेला असता आणि आपली गरम भाकरीही. गोजरनं दोर ओढला. "हुतीया सवय," ती म्हणाली.

संध्याकाळी मात्र तिला राहवेना. फडक्यात दोन भाकरी गुंडाळून ती शेजारी गेली. रतनबाईनं दुसऱ्या गालानं हळूहळू घास चावला.

"बाई गं, इतका मार खाऊनबी किती मऊ थापतीस!"

छगनचा ओटा शाबूत, गोजरची भाकरी गरम. बिल तेवढं रतनबाईच्या नावावर फाटलं. वर स्वयंपाकाचं कौतुकही तिनंच केलं.