टोळीचे बूट

"पायांत काय घालावं हे ज्याला कळलं, त्याला दुनियेतलं सगळं कळलं," असं आप्पांनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं आणि आत जाण्यासाठी चपला काढल्या. त्यातली एक त्यांची होती. दुसरी आदल्या दिवशी सत्यनारायणाला आलेल्या कुणाची तरी होती. तिचा अंगठा लाल होता आणि ती उघड उघड मोठी होती.

राजेश्वरीने ते पाहिलं आणि पदर सारखा केला. सून म्हणून तिला एवढंच करण्यासारखं होतं.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात आप्पा मुकादम होते. मुंबईहून मार्केट खाडीपलीकडे आलं तेव्हा कोरेगाव तालुक्यातल्या हमालांची त्यांची सगळी टोळीही त्याच्यामागे आली आणि कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत घरं करून राहिली. टोळीत कुणाचा मुलगा इंजिनिअर झाला होता, कुणाचा पोलिसात लागला होता. पण पळणारी सून फक्त आप्पांकडे होती. त्यामुळे राजेश्वरीच्या स्पर्धेच्या बुटांसाठी टोळीने वर्गणी काढली होती, आणि वर्गणी टोळीची म्हटल्यावर बूट निवडायचा अधिकार मुकादमाचा, यात कुणालाच काही वावगं दिसलं नव्हतं. राजेश्वरीला दिसलं होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

स्पर्धा पुढच्या रविवारी होती. वाशीहून निघून सानपाडा, नेरूळ करत बेलापूरला संपायची. बायकांतल्या पहिल्या तिघी ठाणे जिल्ह्याच्या संघात जाणार होत्या. मागच्या वर्षी राजेश्वरी नेरूळच्या वळणापर्यंत दुसरी होती. त्या वळणावर उजव्या नडगीत अशी कळ गेली की ती दुभाजकावर बसली, ती उठलीच नाही. हाडाला केसाएवढी भेग गेली होती. डॉक्टरांनी प्लास्टर काढताना सांगितलं होतं, की पुन्हा तिथेच दुखलं तर पळण्याचं नाव काढायचं नाही. हे वाक्य ते अगदी सहज, हात धुता धुता बोलले होते.

दुकान वाशीगावातल्या मिथुनचं. शहर वसवायला जमीन गेली, तिचे पैसे आले, आणि त्याच्या भावांनी गाड्या घेतल्या तेव्हा त्याने खेळाच्या सामानाचं दुकान टाकलं. राजेश्वरीचे प्रशिक्षक श्यामसुंदर सर आधीच येऊन बसले होते. त्यांनी निवडही करून ठेवली होती. पांढरे, पातळ तळव्याचे बूट, मुठीत चुरगळावेत इतके मऊ.

"आप्पा, ह्ये रेसिंगचे शूज हान," मिथुन म्हणाला. "जेवरे हलके तेवरे महाग. जिंकनारे सगले हेच घेतान."

आप्पांनी एक बूट तळहातावर घेतला, वरखाली केला आणि अंगठ्याने त्याची टाच दाबली. कांद्याची मान ते अशीच दाबत. मग तो नाकाजवळ नेला. राजेश्वरीला वाटलं, आता हे मिथुनला दुसऱ्या गोणीतला दाखव म्हणतील.

"हलका हाय," ते म्हणाले. "हलका माल आतनं गेलेला असतो."

श्यामसुंदर सरांनी त्यांना समजावलं. पायावर वजन कमी तेवढा वेग जास्त, हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणासह सांगितलं. सर एकेकाळी असल्याच बुटांवर राज्यात नाव काढून होते. माणूस मोठा प्रेमळ, पण देवाने त्यांना नडग्या देताना लोखंड वापरलं होतं आणि सगळ्यांच्या नडग्या त्याच कारखान्यातून येतात असा त्यांचा समज होता. राजेश्वरीने त्यांना दोनदा सांगून पाहिलं होतं की सरावाच्या जाड बुटांत पाय दुखत नाही, पातळ बूट घालून सिमेंटच्या रस्त्यावर गेलं की दुखतो. तेव्हा सर म्हणाले होते, "दुखणं पायात नसतं, राजेश्वरी. डोक्यात असतं." प्लास्टर मात्र पायालाच घातलं होतं.

फळीच्या टोकाला करड्या रंगाची एक जोडी होती. जाड टाच, मागून घट्ट, चालणाऱ्याला हात देऊन उभं करील असा तळवा. राजेश्वरीने आल्या आल्या ती पाहिली होती आणि नंतर तिकडे मुद्दाम पाहिलं नव्हतं.

"ते करडे द्या बघू," आप्पा म्हणाले. त्यांनी ते उचलले आणि त्यांचा चेहरा उजळला. "ह्याला म्हणतात वजन. हे तीन वर्सं हलत न्हाईत. उद्या माझ्या नातवाला, यशराजला बी होतील."

"आप्पा, हे सरावाचे आहेत," सर कळवळून म्हणाले. "हे घालून कुणी शर्यत पळत नाही."

दोघांनी राजेश्वरीकडे पाहिलं. विचारण्यासाठी नव्हे, आपल्या बाजूला कुणीतरी असावं म्हणून. तिने खाली बघून नडगीवरून अंगठा फिरवला. नवरा न्हावा शेव्याला कंटेनरच्या पाळीवर होता. तो असता तर त्यानेही वडिलांकडेच पाहिलं असतं.

तेव्हा आप्पांनी टोळीचा कायदा काढला. हमाल नवी चप्पल घेतो तेव्हा ती रिकाम्या अंगाने घालून बघत नाही. रिकाम्या अंगाला कुठलीही चप्पल गोड लागते. पाठीवर ओझं घ्यायचं, गाळ्यापासून वजनकाट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. चप्पल तेव्हा बोलते. मिथुनच्या दुकानात कांद्याची गोणी नव्हती, पण व्यायामाच्या लोखंडी थाळ्या होत्या. आप्पांनी त्यातल्या बेताच्या बघून एका कॅनव्हासच्या पिशवीत भरल्या आणि पिशवी सुनेच्या पाठीवर दिली.

वाशीच्या भर रस्त्यावर, नीट नेसलेली गोल साडी, पायांत पांढरे पातळ बूट आणि पाठीवर लोखंड, अशी राजेश्वरी पानाच्या टपरीकडे निघाली. पानवाल्याने चुना लावायचा थांबवला. श्यामसुंदर सर दुकानाच्या आत, बॅडमिंटनच्या रॅकेटींमागे उभे राहिले.

टपरीपर्यंत ती पोचली. पायाला काही झालं नाही. उलट बूट असे काही सुखाचे होते की तिला मनातून त्यांचा राग आला. मागच्या वर्षीचे पातळ बूटही वाशी ते सानपाडा असेच गोड वागले होते.

ती टपरीशी वळली. दुकानाच्या दारात आप्पा कमरेवर हात ठेवून बघत होते. राजेश्वरीने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला ती लंगडली. मग नडगीला हात लावून थांबली आणि उरलेलं अंतर पाय ओढत आली.

"बोलला का न्हाई बूट?" आप्पा म्हणाले.

करडे बूट घालून ती टपरीपर्यंत जाऊन सरळ परत आली. आप्पांनी त्याहून एक नंबर मोठी जोडी मागवली, दोन मोजे घातले की बसतील म्हणाले, तेव्हा तिला आणखी एकदा लंगडावं लागलं. या वेळी डाव्या पायाने. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी वाशीला रांगेत उभं राहिल्यावर शेजारच्या मुलीने त्या बुटांकडे पाहून विचारलं, की ताई, डोंगर चढायचा आहे का. बंदूक वाजली आणि पातळ तळव्यांच्या सगळ्या मुली सुर्रकन पुढे गेल्या. राजेश्वरी मागे राहिली. करडे बूट रस्त्यावर धप धप वाजत होते आणि सानपाड्यापर्यंत तिला स्वतःलाच त्यांची लाज वाटत होती.

नेरूळ जवळ आलं तसं तिने कळ येण्याची वाट पाहायला सुरुवात केली. पाहुणे येणार म्हणून घर आवरून बसावं, तशी. वळण आलं. दुभाजक आला. मागच्या वर्षी जिथे बसली होती तिथे आता कुणीतरी बोगनवेल लावली होती. कळ आली नाही. वळण मागे गेलं, पुढची दुकानं गेली, तरी आली नाही. तेव्हा राजेश्वरीच्या लक्षात आलं की आपण इतका वेळ अर्ध्याच जोराने पळत होतो. उरलेला अर्धा जोर त्या पायाची काळजी करत होता.

तो तिने सोडला.

बेलापूरच्या डोंगराखाली ती पहिल्या तिघींत होती, मग दोघींत, आणि शेवटच्या उतारावर पुढे फक्त पायलट पोलिसाची मोटारसायकल होती. दोरीला छाती लागली तेव्हा तिने दोन्ही हात वर केले नाहीत. ती आधी उजव्या पायावर उडी मारून बघत होती. एकदा मारली, पुन्हा मारली. लोकांना वाटलं, नाचतेय. मग टोळीही नाचायला लागली.

कोपरखैरण्याला मिरवणूक कांद्याच्या टेम्पोतून आली. ढोल होता, हलगी होती, गुलाल इतका होता की श्यामसुंदर सर ओळखू येत नव्हते. आप्पा टेम्पोच्या टपावर चढून भाषण करत होते. हलका माल, गेलेला माल, टोळीचा कायदा. जमलेल्या लोकांना वाटावं की शर्यत बुटांनी आप्पांच्या मार्गदर्शनाखाली एकट्यांनीच पळली.

सर गर्दीतून वाट काढत राजेश्वरीजवळ आले. गेले काही दिवस त्यांना झोप लागत नव्हती, असं त्यांनी कबूल केलं. आता नडगी दुखणाऱ्या बाकीच्या मुलींनाही असंच ओझं देऊन बघावं का, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता.

"खरंच कळलं तुला? त्या पिशवीनं?"

राजेश्वरीने वर टपाकडे पाहिलं. आप्पा दोन्ही हातांत एकेक करडा बूट धरून लोकांना दाखवत होते, आणि त्यांचा आवाज बसत आला होता.

"लगेच कळलं, सर," ती म्हणाली. "पण मुलींना आधी नुसतं विचारून बघा, कुठल्या बुटात दुखतं ते. आणि त्या सांगतील ते ऐका."

सरांनी मान हलवली.

हार घातलेली, कप हातात घेतलेली राजेश्वरी अनवाणीच उंबऱ्यापाशी आली. वेणूबाई, तिच्या सासूबाई, भाकरतुकडा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी तो ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, सुनेच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्यांचे डोळे भरून आले होते. गल्ली क्षणभर शांत झाली. म्हातारी काहीतरी बोलणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

"पोरी," वेणूबाई म्हणाल्या, "ज्वारीचा डबा गिरणीत ठेवलाय. एकला बंद करतो तो मेला. आप्पांच्या हातातले बूट घे आणि जरा पळत जाऊन दळण आण."