वेळ ठरवून

लेतेब्रहान दोनदा नापास झाली होती, तीही एकेका गुणाने. सरकारी परीक्षेत विचारलं होतं, शेजाऱ्याशी ओळख वाढवायची असेल तर काय कराल? दोन्ही वेळा तिने उत्तर निवडलं : घरचं काही खायला घेऊन जाईन.

"अगं बाई, न विचारता कुणाच्या दारात जायचं नाही!" वर्गात शिकवणाऱ्या फेमकेबाईंनी कपाळाला हात लावला. "इथं सख्खी लेकसुद्धा आईकडे वेळ ठरवून जाते. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतू मी? यंदा नापास झालीस, तर हॉलंडमध्ये कायम राहायचा परवाना विसर."

देश तसा वेश. लेतेने मनावर घेतलं. शेजारचे वीबेआजोबा ऐंशी पार, एकटेच राहायचे. त्यांच्याशी तिने रीतसर वेळ ठरवली. आजोबांनी डायरीत लिहिलं : गुरुवार, साडेदहा, कॉफी.

"उशीर केलास तर एकच बिस्कीट मिळेल हं!"

"आणि वेळेवर आले तर?"

"तरी एकच!"

मंगळवारी दुपार झाली तरी आजोबांचे पडदे उघडले नाहीत. तिकडे मायदेशी, अस्मारात, तिच्या आईने आधी दार ढकललं असतं आणि मग विचारपूस केली असती. लेते वेलदोड्याचा गरम पाव फडक्यात गुंडाळून त्यांच्या दारापर्यंत गेलीही. घंटीवर बोट टेकवलं. पण ठरलं होतं गुरुवारचं. गुणी विद्यार्थिनीसारखी ती माघारी फिरली.

गुरुवारी बरोब्बर साडेदहाला तिने घंटी वाजवली. बराच वेळ वाजवली. शेवटी पोलिसांनी दार फोडलं. आजोबा सोमवारी रात्री न्हाणीघरात पडले होते आणि प्राण गेला तो बुधवारी, असं डॉक्टर म्हणाले. लेतेने दिवस बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. मंगळवार मधेच येत होता. तिला रडू आलं नाही. हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे वाटत होते, एवढंच.

पुढच्या आठवड्यात परीक्षेला तोच प्रश्न आला. 'आधी वेळ ठरवीन' या उत्तरावर तिने खूण केली. पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

ती पास झाली. फेमकेबाईंनी वर्गात केक आणला, तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"आता तू अगदी आमच्यातली झालीस बघ!"

"हो बाई," लेते म्हणाली. "झाले."